तिकडे बाळ गप्प झालं

"पोटात दुखतंय ह्याच्या, दुसरं काय नाय," असं म्हणत स्वातीच्या सासूबाईंनी बाळ माझ्या टेबलावर ठेवलं. दोन महिन्यांचं बाळ, रडून लालबुंद झालेलं. संगमेश्वरकडच्या खेड्यातून आल्या होत्या. बाळाची आई स्वाती दाराजवळच्या खुर्चीवरून उठलीसुद्धा नाही.

मी तपासलं. वजन छान, पोट मऊ, कान साफ. रत्नागिरीत लहान मुलांची डॉक्टर म्हणून रडकी बाळं मी रोज बघते. बाळात काही सापडलं नाही की मी आईकडे बघते. स्वाती भिंतीकडे बघत होती.

"झोप लागते का गं?"

"हा झोपला तरी नाय लागत. मला हे जमणार नाय, मॅडम. ह्याला दुसरी कोणतरी आई हवी होती."

"ऐकलात ना?" सासूबाई म्हणाल्या.

मी समजावलं. हे पोस्टपार्टम डिप्रेशन, म्हणजे बाळंतपणानंतर येणारं नैराश्य. आळस नाही, नखरे नाहीत. खचलेल्या आईला बाळाचं रडणं झेपत नाही, बाळ आणखी रडतं, ती आणखी खचते. सायकियाट्रिस्टच्या नावे चिठ्ठी दिली. म्हटलं, "औषधं आहेत, ती बरी होईल. तोवर तिला विश्रांती द्या."

सासूबाईंनी दिली. बाळ उचलून डोंबिवलीला लेकीकडे पोचवलं. आमच्याकडे गावात काहीही अडलं की मुंबईच्या बिऱ्हाडावर सोपवायची सवयच आहे. स्वातीचा नवरा तिकडेच नोकरीला, त्यालाही ते पटलं.

मला कळलं तेव्हा स्वातीचं दूध आटलं होतं. मी फोनवर चिडलेच. "बाळ परत आणा. आईजवळ ठेवा आणि तुम्ही मदतीला राहा."

"कशाला ओ? तिकडं गप्प झालाय तो. रडतच नाय."

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बहुतेक बाळांचं रडणं आपोआप उतरतं. गावात असता तरी उतरलं असतं. हे मी सगळ्यांना सांगितलं, कुणाला पटलं नाही. स्वातीलाही नाही. "म्हणजे मीच होते ना मॅडम, त्याच्या रडण्याला कारण?"

औषधांनी ती बरी झाली, हसते, बोलते. मुलगा मात्र तिकडेच राहिला. "आता त्याला तोडायचा कसा?" म्हणते. गणपतीत गावी येतो आणि नणंदेच्या मुलांसारखाच तिला मामी म्हणतो. ऐकलं तेव्हा मला फार वाईट वाटलं.

हल्ली अशा चिठ्ठीत मी आधी लिहिते, बाळ आईजवळच ठेवा. स्वातीला आता त्याचा उपयोग नाही.