हंड्यातलं तुळशीचं पान

पौषातल्या एका सोमवारी आमच्या गल्लीत दवंडी आली. दवंडीवाल्याने सांगितलं, की तळ्यात पाणी नाही. उद्यापासून चावीला पाणी पहाटे येईल, तासभर राहील आणि जाईल. त्याने डफ वाजवला आणि तो निघून गेला.

चावी म्हणजे गल्लीच्या तोंडाशी असलेला सार्वजनिक नळ. कोल्हापुरात त्याला चावीच म्हणतात. एकोणीसशे पन्नास साल उलटून गेलं होतं आणि माझ्या लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं. आदल्या पावसाने पाठ फिरवली होती. बायका दिवाळीपासूनच म्हणत होत्या, की यंदा काही खरं नाही. पण तोवर चावी दोन्ही वेळा वाहत होती, त्यामुळे ते बोलणं बोलण्यापुरतंच होतं.

घरात आम्ही बाया तिघी. सासूबाई, माझी थोरली जाऊ आणि मी. जाऊ गडहिंग्लजकडची. तिकडे थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, म्हणून मीही त्यांना अक्का म्हणू लागले. त्या मला ‘शाळाबाई’ म्हणत, कारण मॅट्रिकच्या आधीच लग्न झालं म्हणून मी लग्नात रडले होते, हे त्यांच्या कानावर आलं होतं. सासऱ्यांनी बाहेरून परीक्षेला बसायची परवानगी दिली होती. “घरचं सांभाळून काय ते करा,” एवढंच ते म्हणाले. परीक्षा मार्चात होती. घरचं सांभाळून उरणारा वेळ म्हणजे पहाटेचा एक तास. चुलीजवळ चिमणी लावून मी तेवढा वेळ वाचत असे. दवंडीवाल्याने नेमका तोच तास मागून नेला.

याचं कारण समजायला आमच्या घरची रीत सांगायला हवी. सासूबाईंच्या लेखी काल भरलेलं पाणी आज शिळं. शिळं पाणी पिण्याला नाही, स्वयंपाकाला नाही, देवाला तर नाहीच. रोज सकाळी स्वयंपाकघरातला तांब्याचा हंडा अबोलीच्या आळ्यात ओतायचा, चिंच लावून घासायचा आणि आंघोळ केलेल्या बाईने सोवळ्याने भरून आणायचा. वापरायचं पाणी निराळं; ते कुणीही कसंही भरावं. म्हणजे एकीने पहाटे बंब पेटवून आंघोळ करून हंडा भरायचा, दुसरीने घागरी आणि कळशा. तासाभरात दोघी लागतच. महिन्यातले काही दिवस अक्का बाजूला बसल्या की सगळं माझ्यावर, मी बसले की सगळं अक्कांवर. माझे ते दिवस मात्र निव्वळ पुस्तकाचे असत. इतर बायका ज्या दिवसांना कंटाळायच्या, त्यांची मी वाट पाहत असे.

चावीवर पहाटे सगळी गल्ली असायची. शेजारी तालमीतल्या एका पैलवानाची आई राहायची. तिचा आवाज पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत पोचायचा. मी हंडा घेऊन आले की ती ओरडायची, “सरका गं, सोवळं आलं! शिवलं तर बाईला परत न्हायला लागंल, आन् न्हायला पानी कुठनं आणंल?”

एकदा मी भूमितीचं एक प्रमेय कागदावर उतरवून आणलं होतं आणि नंबर येईपर्यंत चावीवरच्या दिव्याखाली वाचत होते. तिने ते पाहिलं.

“काय वैनी, पानी भरताय का परीक्षा देताय?”

“दोन्ही,” मी म्हटलं.

“बघा हां, हंड्यात अक्षरं पडतील की. पिऊन सासूबाई मॅट्रिक व्हायच्या.”

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी आल्यावर मी अक्कांना सांगितलं, की यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी म्हणजे काय, हे दोघींनाही माहीत होतं. पुढच्या वर्षी बाळंतपण असतं, नाहीतर आजारपण असतं, नाहीतर कुणाचं तरी लग्न असतं. अक्का भाकरी थापत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. “बघू या की,” त्या म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

त्या संध्याकाळी देवाजवळ दिवा लावून झाल्यावर अक्कांनी विचारलं, “आई, तो गंगेचा गडू किती वर्षांचा?”

देवघरात लाखेने तोंड बंद केलेला एक गडू होता. सासूबाईंच्या सासूबाईंनी काशीहून आणलेला.

“माझ्या लग्नाआधीचा,” सासूबाई म्हणाल्या. “का गं?”

“मग ते पाणी शिळं नाही व्हय झालं?”

“गंगा कधी शिळी होते का? काहीतरीच!”

“आणि तुळस?”

“तुळसही नाही होत. कालचं पान आज देवाला चालतं. फुलं चालत नाहीत.”

अक्कांनी दिव्याची वात सारखी केली. “मग हंड्यात तुळशीचं पान टाकलं तर?”

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघत होते.

“गडहिंग्लजच्या बाजारात हेच शिकवतात वाटतं,” त्या म्हणाल्या. “देवाशीसुद्धा घासाघीस!”

“देवाशी न्हाय, आई. हंड्याशी.”

विषय तिथेच मिटला असं मला वाटलं. पुढे दोन-तीन दिवस पहाटेचं पाणी भरणं चालूच होतं. मग एका सकाळी मी हंडा ओतायला उचलला, तेव्हा त्या मागून म्हणाल्या, “धाकटे, ठेव तो. काल रात्री त्यात पान टाकलंय मी.” आणि थोड्या वेळाने, जणू मी वाद घालत होते, “अबोलीला काय, धुण्याचं पाणी पुरे.”

तेव्हापासून पिण्याचं पाणी आम्ही एक दिवसाआड भरू लागलो. मधल्या दिवशी वापरायचं पाणी अक्का एकट्या भरायच्या. मी उठू लागले की त्या दारातूनच सांगायच्या, “तू बस. प्रमेय शिळं होतंय.”

गोष्ट इथे संपली असती, पण गल्लीत कुठली गोष्ट संपते? पैलवानाच्या आईने हंड्याचा एक दिवस चुकलेला दोनदा-तीनदा पाहिला आणि चौकशी केली. कारण कळल्यावर ती सरळ अंगणात आली. “काकू, एक पान द्या की. आमची सासू बी शिळं शिळं करून डोकं खातीया.” तिच्या मागून दुसरी आली, तिसरी आली. सासूबाई सोवळ्याने स्वतः पान खुडायच्या आणि वरून प्रत्येकीच्या ओंजळीत टाकायच्या. त्यांना ते आवडत होतं. आजवर त्यांच्या सोवळ्याची सगळ्यांनी थट्टा केली होती. आता त्याच्यासाठी दारात रांग लागत होती.

पण तुळशीला ते झेपेना. आधीच थंडी, त्यात पाण्याची काटकसर. हळूहळू खालच्या फांद्यांच्या काड्या झाल्या. परीक्षा महिन्या-दीड महिन्यावर आली आणि वर थोडीच पानं उरली. मी रोज उठून आधी तुळस बघायची आणि मग पुस्तक. तुळस गेली तर पहाट जाणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. देवाकडे मी पास होण्याचं मागितलं नाही. नवी पालवी मागितली.

ते सासूबाईंच्याही लक्षात आलं असणार. एका द्वादशीच्या आदल्या दिवशी (द्वादशीला तुळस खुडत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी गर्दी व्हायची) त्या वृंदावनाशेजारी पाट टाकून बसल्या. पैलवानाच्या आईने हात पुढे केला.

“पाणी कुठंय?” सासूबाईंनी विचारलं.

“कसलं पानी?”

“पान नेणारीने फुलपात्रभर पाणी घालायचं. नुसतं न्यायला काय तुझ्या माहेरची आहे?”

“अगं बया! दुष्काळात तुळशीला पट्टी बसवली व्हय?”

“बसवली. आणि चूळ भरलेलं नको, चांगलं आण.”

ती हसत घरी गेली आणि फुलपात्र नव्हे, तांब्याच घेऊन आली. मग बाकीच्याही आणू लागल्या. त्या वर्षी कोल्हापुरात कुणाच्या घरी पोटभर पाणी नव्हतं. आमच्या तुळशीला मात्र होतं. होळीच्या सुमाराला ती अशी फुटली की सासूबाई मंजिऱ्या खुडून थकल्या. मी पहाटे वाचत असे आणि बाहेर अक्का चावीवरून येऊन उरलेलं कळशीभर पाणी हलकेच तिच्या बुंध्यात ओतत, तो आवाज मला आत ऐकू येई. इतकं सुख मला पुढे फारसं कशात वाटलं नाही.

परीक्षेला निघाले तेव्हा सासूबाईंनी हातावर दही घातलं. अक्कांनी काही दिलं नाही. त्या घागर घासत होत्या. “जा की आता,” त्या म्हणाल्या. “का तिथंबी मीच येऊ?”

मी पास झाले. पुढे ट्रेनिंग केलं आणि शाळेत लागले; ‘शाळाबाई’ हे नाव खरं झालं. चावीला पाणी पुन्हा दोन्ही वेळा येऊ लागलं, मग घरात नळ आला. तरी सासूबाईंनी हंड्यातलं पान बंद केलं नाही. त्यांच्यानंतर ते अक्कांनी टाकलं.

अक्का गेल्या, त्याला आता दीड महिना झाला. शेवटी त्यांच्या ओठांवर तुळशीचं पान मी ठेवलं. ते आमच्याच वृंदावनातलं होतं.

हंडा माझ्याकडे आहे. नळाला दिवसभर पाणी असतं. मी रोज रात्री हंड्यात पान टाकते आणि पाणी एक दिवसाआड भरते.