बसून बघा

आमच्या आयटीआयच्या ऑफिसात मी कारकून असताना सुतारकामाच्या वर्गात संतपूरकडची एक पोरगी होती. बोलायला महाकंजूष. स्टूल असो की पाट, नवीन काही केलं की माझ्या टेबलापुढे आणून ठेवायची आणि म्हणायची, "बसून बघा की, सर." मी तोंडभर कौतुक करायचो, पण तिचा कान लाकडाकडे. जरा कुरकुरलं, की ते उचलून चालली परत वर्गात.

जिल्ह्याच्या फर्निचर स्पर्धेला तिने सागवानी खुर्ची नेली, मीही सोबत गेलो. तिच्यात एकही खिळा नव्हता, सगळे सांधे खाचेत बसवलेले. उद्घाटनाला मोठे पाहुणे आले, अंगानेही मोठे. व्यासपीठावर सगळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या. पाहुण्यांचा मान राखायला संयोजकांनी प्रदर्शनातली सगळ्यात चांगली खुर्ची उचलून वर नेली. ती हिचीच. मग परीक्षक फिरले. हिच्या नंबरपुढे मोकळी जागा दिसली, म्हणून त्यांनी नियमाप्रमाणे 'गैरहजर' लिहिलं. पहिलं बक्षीस मिळालं दुसऱ्याच खुर्चीला; तिच्यावर पाटी होती : 'पॉलिश ओलं आहे, बसू नये.'

मी तणतणत तिच्याकडे गेलो. "अगं, वर जाऊन सांग की, ती खुर्ची माझी हाय म्हणून!"

व्यासपीठावर पाहुणे झोपेत मागेपुढे झुलत होते. तिने तिकडे कान लावला होता.

"सर, जरा गप ऱ्हावा की," ती म्हणाली. "दोन तास झाले झुलायलेत. अजून कुरकुरली न्हाई."