हिरवा ठिपका

बाय गेली त्या सकाळी ठिपका हिरवा होता, म्हणून मी माझ्या लेकीला, सावीला, अंगणात सोडली होती. बाय म्हणजे माझी नणंद, शमा. साखळी गावात कॉम्प्युटरच्या कामाला जायची. लॅपटॉप मिटता मिटता म्हणाली, "वयनी, आज हवा बरी आसा, सोड गो तिका वायच भायर," आणि स्कूटर काढली. अर्धा तास झाला नसेल, शेजारचा दत्तू ओरडत आला... वळणावर स्कूटर घसरली, मागून ट्रक... मी अनवाणीच धावले. आता महिना होत आला. मी नववीपर्यंतच शिकले, लिहिण्यात चुकलं तर समजून घ्या, पण हे मीच लिहायला पाहिजे, कारण तो ठिपका दाखवणारं ॲप तिने माझ्या भीतीपायी केलं.

लग्न होऊन पार्स्याहून मी कारापूरला आले. इथे घरासमोरून खाणीचे ट्रक, लाल धूळ उडवत. सावी झाली, सहा महिन्यांत तिची छाती वाजायला लागली, डॉक्टर म्हणाले धुळीतून जपा. कसं जपायचं? मी दिवसभर सगळी जनेलं, खिडक्या, लावून पोरीला घेऊन आत बसायची आणि बाय दिसली की एकच, आज काढू भायर, नको काढू? ती वैतागून म्हणाली, "थांब, तुकाच दिसात असा कायतरी करतंय." सरकारच्या साइटवर हवेचे आकडे असतात, कुणीही घ्यावेत. ते उतरवून आर नावाच्या भाषेत ती काय काय लिहायची. मी म्हटलं, "एका अक्षराची भाषा? मग मीपण शिकेन," तर हसून हसून मेजावर डोकं टेकलं तिने. मग माझ्या फोनवर नकाशा आला, त्यात आमच्या गावाचा ठिपका, लाल, पिवळा, हिरवा. खालची पट्टी बोटाने सरकवली की मागचे दिवस दिसायचे.

एकदा मी पट्टी मागे नेली, तर एक दिवस हिरवागार. मी म्हटलं, "बाय, हे खोटं. त्या दिवशी ट्रकांची रांग होती, तुळशीची पानं लाल, मी तीनदा पुसली. लाइटपण नव्हती." तिने कपाळावर हात मारला. लाइट नाही म्हणून यंत्र बंद, यंत्र बंद म्हणून आकडा रिकामा, आणि रिकाम्या जागी तिने शून्य भरलेलं. शून्य म्हणजे एकदम स्वच्छ! "मशीन तुळस बघणा नाय गो वयनी, तू बघतंस." तेव्हापासून रिकामा दिवस करडा झाला, आणि त्यावर बोट ठेवलं की माझं वाक्य उघडायचं: ‘लाइट नव्हती. तुळस लाल.’

मग मीच तिच्या मागे लागले, रस्त्यावर पाणी मारायला सांग, टँकर आणायला सांग. ती लॅपटॉप घेऊन ग्रामसभेला गेली. एक म्हातारा म्हणाला, "चेडवा, ह्यो गेम काय?" ही म्हणाली, "गेम न्हय काका, तुमच्या दारातली हवा. तुमीच सरकवा." त्यांनी सरकवली. लाल, लाल, लाल... पुढच्या आठवड्यात टँकर सुरू झाला, ठिपका हिरवा व्हायला लागला, मी देवाला नारळ ठेवला.

त्या सकाळीही टँकर येऊन गेला होता. धूळ बसली होती आणि वळणावर लाल चिखल झाला होता.

बाराव्यानंतर मी सावीला अंगणात नेली, ठिपका हिरवा बघूनच, आणि संध्याकाळपर्यंत तिला श्वास पुरेना. वाफ दिली, पाठ चोळली, मग ठिपक्याखालची तारीख बघितली. बाय गेली तीच. रोज सकाळी तीच आकडे भरायची ना, तिच्यामागे कोण भरणार... ठिपका तिथेच थांबलेला.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप उघडला. तिच्या वहीत माझ्यासाठी मराठीत लिहिलं होतं: फाइल उतरव, ह्या फोल्डरात टाक, वरचं बटण दाब, घाबरू नको. चार वेळा चुकलं. पाचव्यांदा ठिपका हलला, लाल झाला. मग मी पट्टी मागे नेली, बाय गेली त्या दिवसापर्यंत. हिरवा. आकडा खरा आहे, तो मी कशी बदलू. तिने प्रत्येक दिवसाखाली ठेवलेल्या माझ्या वाक्याच्या जागेत दोन बोटांनी लिहिलं: ‘टँकर आला होता. रस्ता निसरडा.’

आता रोज सकाळी सावी दाराशी उभी राहून "भायल, भायल" करते. मी आधी ठिपका बघते, मग तारीख, मग तुळस. मग फाटकापर्यंत जाऊन रस्ता ओला आहे का बघते.