दिवेलागणीपर्यंतचं इंटरनेट

चावीकाकांची चावी तुम्ही पाहिली नसेल, तर आधी ती सांगतो. कुलपाची नव्हे हो! कमरेएवढा लोखंडी दांडा, वर आडवी मूठ, खाली चौकोनी खाच. रस्त्यातलं झाकण उचलायचं, दांडा आत सोडायचा आणि अंगातला सगळा जोर लावून फिरवायचा, की टेकडीवरच्या वस्तीला पाणी. उलटा फिरवला की बंद. सकाळी उघडायचं आणि दिवेलागणीला बंद करायचं, यात काकांची उभी हयात गेली. तळहाताला घट्टे पडले, पण वेळ कधी चुकली नाही.

वेळेच्या बाबतीत माणूस महाकडक. गयावया करून उपयोग नाही, भांडून तर मुळीच नाही. मुलाच्या लग्नाचीच गोष्ट घ्या. लग्न संध्याकाळचं. व्याही काकांच्याच न्हाणीघरात, डोक्याला साबण फासून बसलेले. काकू दारातून ओरडतायत, "अहो, जरा थांबा, व्याही आंघोळ करतायत!" काका रस्त्यात वाकलेले. "वेळ झाली," म्हणाले, आणि दिली चावी फिरवून. बिचाऱ्या व्याह्यांनी डोकं पंच्याने पुसलं आणि तसेच चिकट केसांनी लग्नाला उभे राहिले. नवरीने हे सगळं शेजारच्या घराच्या खिडकीतून पाहिलं. घरात पाऊल टाकायच्या आधीच तिने कानाला खडा लावला: सासरे चांगले आहेत, पण यांच्याकडे सवलत मागायची नाही.

आणि सासरे खरंच चांगले होते. मुलगा ट्रक घेऊन सदा रस्त्यावर, त्यामुळे घरात काका, काकू, सूनबाई आणि ठकी. ठकी म्हणजे नात. पुढचे दात पडलेले, जीभ मात्र शाबूत. ज्या काकांपुढे अख्खी वस्ती हूं की चूं करत नसे, त्यांना ही बोटभर पोरगी दुपारी पलंगाखाली तबेला मांडून घोडा होऊन रांगायला लावायची. काका रांगायचे. गुडघे दुखतात म्हणायचे आणि पुन्हा रांगायचे.

तर अशा या वस्तीत इंटरनेट आलं. टेकडीच्या आड असल्यामुळे मोबाईलला धड रेंज नाही, आणि जिथे मिळेल तिथे ते परवडायचं कुणाला? पण राज्यात कायदा झाला. इंटरनेट ही चैन नव्हे, गरज आहे. कमी कमाईच्या घरांनाही ते त्यांच्या खिशाला झेपेल अशा दरात मिळालंच पाहिजे. कंपनीने तार न्यायला नाही म्हणायचं नाही. आणि ज्यांना वापरता येत नाही त्यांना शिकवायचंही. रेडिओवर हे ऐकून काका म्हणाले होते, "कायदे काय, होतच असतात." पण कंपनीची माणसं खरंच शिड्या घेऊन टेकडी चढली. घरोघरी छोट्या पेट्या बसल्या. मोठी पेटी, जिच्यातून सगळ्यांना तारा जात होत्या, ती कुठे ठेवायची? वीज, पत्रा आणि भक्कम कुलूप, तिन्ही असलेली जागा एकच, काका चालवायचे त्या पाण्याच्या पंपाची खोली. पेटी भिंतीला ठोकून तंत्रज्ञ म्हणाला, "काका, आता ही तुमच्या ताब्यात. सांभाळा."

काकांनी सांभाळली. रोज फडक्याने पुसली. पाठीमागून हात लावून पाहिला तर गरम! पंप असा तापला की काका त्याला बंद करून गार होऊ द्यायचे, म्हणून पंप इतकी वर्षं टिकला. मग हिला नको विश्रांती? दिवेलागणीला पाणी बंद करायचं, पंप बंद करायचा आणि खोलीचा मोठा खटका खाली ओढायचा, हा रोजचा क्रम. त्यात पेटीही विझायची. कुणीतरी सुरुवातीला विचारलं, "काका, नेट गेलं?" काका म्हणाले, "वेळ संपली." झालं! काका म्हणाले म्हणजे नियमच असणार.

वस्तीनेही मग आपलं जमवून घेतलं. दिवेलागणीच्या आत पोरांनी धडे मोबाईलमध्ये भरून ठेवायचे, तरुणांनी गाणी भरून ठेवायची. काकू पिंपं भरता भरता विणकामाचे व्हिडिओ भरून घ्यायच्या. शेजारच्या परटीणबाई तर पोरांवर खेकसायच्या, "काका निघाले बघ चावी घेऊन, आटपा लवकर!" कुणाचं काही अडत नव्हतं. निदान कुणी तसं बोलून दाखवत नव्हतं.

या तारेनेच सूनबाईला काम मिळालं. शहरातल्या मोठ्या इस्पितळाचे फोन ती घरी बसून घ्यायची. कानाला यंत्र, समोर संगणक, मागच्या खोलीत खिडकीशी टेबल. कुणाला कुठल्या डॉक्टरकडे जायचं, कधी यायचं, उपाशीपोटी यायचं की जेवून, सगळं ती समजावून सांगायची. तिचा आवाज मऊ, आणि घाई कशी ती माहीत नाही. कधी कधी काका बाहेरच्या खोलीत नुसते ऐकत बसायचे. सुनेचा अभिमान वाटायचा. तोंडावर सांगतील तर शपथ.

मग एक दिवस जेवताना काकूंनीच विषय काढला. सूनबाई ताटात बघत होती.

"इस्पितळाचं म्हणणं आहे, पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनी संध्याकाळची पाळीही करायची. घरून जमत नसेल तर शहरात या, राहायला खोली देतो म्हणतात."

"मग?" काका म्हणाले.

"मग काय मग? संध्याकाळी इथे नेट असतं का? जाणार ती. ठकीलाही नेणार. आईविना पोर राहील का?"

काकांचा घास हातातच राहिला. ठकी मात्र खुशीत विचारत होती, शहरात आपल्या खोलीत पलंग असेल ना, कारण घोड्याला तबेला लागतो. काका पाणी प्यायले आणि ताटावरून उठले.

काकू मागोमाग अंगणात आल्या. "अहो, एवढे काय ताठ राहता? संध्याकाळी तो खटका राहू द्या ना वर. कोण येतंय बघायला?"

"घरच्यासाठी नियम मोडू? व्याह्यांसाठी नाही मोडला."

"त्याची काय ती फुशारकी!" काकूंचा आवाज चिरकला. "घर रिकामं झालं की त्या नियमाला भरवत बसा हो मग!"

त्या दिवसापासून काकांना अन्न गोड लागेना. दिवेलागणीला खटक्यावर हात ठेवला की वाटायचं, राहू द्यावा. एकदा तर हात मागेही घेतला. पण मग डोळ्यांसमोर सगळी वस्ती यायची. आजवर ज्यांना ज्यांना नाही म्हटलं, ते सगळे. त्यांना नाही आणि स्वतःच्या सुनेला हो? खटका खाली यायचाच. सूनबाईनेही एका शब्दाने विचारलं नाही. ती गुपचूप ठकीच्या शाळेचा दाखला मागून आली.

शेवटी काकांनी ठरवलं, नियम मोडायचा नाही, पण नियम करणाऱ्याला विचारायला काय हरकत आहे? आणि मागायचं तर घरापुरतं नाही, सगळ्या वस्तीसाठी मागायचं.

कायद्यातल्या त्या शिकवण्याच्या कलमापायी सरकारी कचेरीतल्या एक बाई दर आठवड्याला टेकडी चढून यायच्या. शाळेच्या वर्गात म्हाताऱ्याकोताऱ्यांना मोबाईल, संगणक शिकवायच्या आणि शेवटची बस गाठायला ऊन कलायच्या आत निघून जायच्या. त्या दिवशी काका वर्गात जाऊन उभे राहिले. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. सुतार मोबाईलच्या काचेवर फुंकर मारत होता, भुसा बसलाय म्हणून. परटीणबाई बटण इतकं जोरात दाबत होत्या की बाई म्हणाल्या, "अहो, इस्त्री नाहीये ती!"

शिकवणी संपत आली तसे काका पुढे झाले. टोपी काढून हातात घेतली.

"बाई, एक विनंती होती. संध्याकाळी इंटरनेटची वेळ थोडी वाढवून मिळेल का? एकट्या माझ्यासाठी नाही, सगळ्यांसाठी. लोकांची कामं असतात."

"वेळ?" बाई म्हणाल्या. "कसली वेळ?"

"दिवेलागणीला बंद होतं ना ते."

"कोण बंद करतं?"

"मी," काका म्हणाले. "रोज. एक दिवस चुकलो नाही."

बाईंनी चष्मा काढला. "काका, तुम्हाला बंद करायला सांगितलं कोणी?"

काका आठवू लागले. तंत्रज्ञ काय म्हणाला होता? सांभाळा. बंद करा असं म्हणाला होता? नाही. कचेरीतून कुणी म्हणालं होतं? नाही.

"कायद्यात वेळबिळ काही नाही हो," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "रात्रंदिवस चालू ठेवायचं, म्हणून तर कायदा. ती पेटी गरमच असते, तिला काही होत नाही." मग वर्गाकडे वळून त्या जरा चिडूनच म्हणाल्या, "आणि तुम्ही? रोज संध्याकाळी बंद पडतंय, एकालाही तक्रार करावीशी वाटली नाही?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सुताराने मान खाजवली.

"तक्रार कसली, बाई? आमच्याकडे जे येतं ते तासावरच येतं. आम्हाला वाटलं, आमच्या वाट्याचा कायदाही तेवढाच असेल."

बाई काकांबरोबर दारापर्यंत आल्या तेव्हा म्हणाल्या, "चूक आमचीही आहे. तार टाकली, शिकवण्या घेतल्या, पण दिवे लागल्यावर इथे येऊन कुणी बघितलं नाही. तुम्ही असं करा, मीच वेळ वाढवून दिली म्हणून सांगा लोकांना. तुमच्यावर बोलणं नको."

सुटका किती सोपी होती बघा. वर्गातल्यांनाही डोळा मारला असता तर गप्प बसले असते. काकांच्या मनात नाही आलं असं मी म्हणणार नाही. पण पंपाच्या खोलीकडे चालता चालता त्यांना परटीणबाईंची पोरं दिसली, पायरीवर बसून भराभरा धडे भरून घेत होती. काकांचा जीव कळवळला.

दिवेलागणीच्या आधी नळांवर बायकापुरुषांची नेहमीची गर्दी होती. काका चावी भिंतीला टेकवून मध्ये उभे राहिले.

"ऐका. नेट संध्याकाळी बंद करायचा नियम नव्हता. कधीच नव्हता. मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच आपला पाण्यासारखं बंद करत आलो. तुमच्या सगळ्या संध्याकाळी मी खाल्ल्या. चुकलं माझं."

नळ वाहत राहिले. बादल्या भरून सांडल्या, कुणाचं लक्ष नाही. मग परटीणबाई फिसकन हसल्या. मग दुसरी, मग तिसरा, मग हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. कुणी म्हणालं, "काका, सूर्यालाही तुम्हीच बंद करता का हो?" कुणी म्हणालं, "आमच्या संध्याकाळी पिंपात भरून परत द्या!" एकजण मात्र हसला नाही. रंगारी होता, त्या दिवशी लवकर सुटलेला; एरवी दिवसभर कामावर असायचा, घरी यायचा तो अंधारातच. "कधी बघितलंच नाही मी हे इंटरनेट," म्हणाला, आणि कळशी उचलून निघून गेला. काकांना ते लागलं. लागायलाच हवं होतं.

सूनबाई मागे कळशी घेऊन उभी होती. काका तिच्यापाशी गेले.

"तू तरी विचारायचं होतंस, पोरी."

"तुम्हाला?" सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. "बाबा, लग्नात माझ्या वडिलांना नवरीच्या बापासारखं मिरवायचं होतं हो. साबणाच्या चिकट केसांनी उभे होते!"

काका आधी ओशाळले, मग खो खो हसले. काकूंनी वर आकाशाकडे बघून हात जोडले. त्या संध्याकाळी काकांनी पाणी बंद केलं, पंप बंद केला, आणि मोठ्या खटक्याला हात न लावता खोलीला कुलूप घातलं. वाटेत दोनदा मागे वळून पाहिलं म्हणतात. सवय जाते का अशी?

दुसऱ्या दिवशीच सूनबाईने इस्पितळाला कळवलं आणि नव्या महिन्यापासून संध्याकाळची पाळी घेतली. आता प्रश्न आला, त्या वेळी ठकीला जेवू कोण घालणार? काकूंची विणकामाची गिऱ्हाइकं नेमकी संध्याकाळी येतात. काका म्हणाले, मी घालतो. त्यांनी आयुष्यात कुणाला भरवलं नव्हतं. पहिला घास इतका मोठा केला की ठकी म्हणाली, "आजोबा, मी घोडा नाहीये, घोडा तुम्ही!"

"हळू, आईचं काम चाललंय," काका कुजबुजले.

मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. पलीकडे फोनवर कुणी म्हातारं माणूस असावं, घाबरलेलं, फोन मध्येच तुटेल म्हणून सगळं एका दमात सांगू बघणारं. सूनबाई नेहमीच्या मऊ आवाजात त्याला समजावत होती. काकांनी घास तसाच हातात धरला आणि कान दिला.

"नाही हो आजी, नाही तुटणार. कुठेही जात नाहीये मी, इथेच आहे. सावकाश सांगा."