शेवंताला दुखत होतं कुठं

कोडोलीच्या कृष्णातला म्हशीच्या अंगातलं काही विचारा, तो न अडखळता सांगायचा. जनावरांच्या डॉक्टरला फोन लावून भर गल्लीत ओरडायचा, "सायेब, म्हस व्याली, पर वार अजून पडली न्हाय! मागच्या डाव्या सडात दगडी हाय, कास टणक झालीया!" त्यात लाजण्यासारखं काय आहे, असं त्याला कधी वाटलंच नाही. चार म्हशी आणि वीस-पंचवीस लिटर दुधावर घर चाललं होतं. नेमका शब्द सांगितला की नेमकं औषध मिळतं, हे तो अनुभवानं जाणून होता.

बायकोच्या बाबतीत मात्र त्याच्याकडं दोनच शब्द होते, पोट आणि कंबर.

शेवंताबाई पंचावन्न वर्षांची. वैरणीचा भारा उचलताना मधेच थांबायची, ओठ दाबून उभी राहायची. दोन-चारदा पाहिल्यावर कृष्णातनं तिला गावातल्या डॉक्टरकडं नेलं. "कुठं दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं. शेवंतानं नवऱ्याकडं पाहिलं. तोच म्हणाला, "कंबर धरलीया. भारा उचलती की रोजचा." डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चोळायला मलम दिलं.

येताना गाडीवर मागं बसलेली शेवंता म्हणाली, "आपन समदं सांगितलं न्हाई."

"समदं म्हंजी काय?"

"ऱ्हाऊ द्या." तिनं पदर तोंडाशी धरला असावा, कारण पुढचं काही ऐकू आलं नाही. त्यानंही गाडी थांबवली नाही.

आठ महिने मलम चोळणं चाललं. एक दिवस गोठ्यातच ती कोसळली आणि मुलानं गाडी करून तिला कोल्हापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "पाळी जाऊन किती वर्षं झाली? आणि आता परत अंगावरून कधीपासून जातंय?"

कृष्णातनं बायकोकडं पाहिलं. शेवंता छताकडं बघत म्हणाली, "अंगावरनं जाया दीड वरीस झालं."

तीस वर्षं शेजारी निजलेल्या माणसाला हे त्या दिवशी कळलं. डॉक्टरबाईंनी कागदावर एक चित्र काढलं, उलट्या ठेवलेल्या तांब्यासारखं. "हे गर्भाशय. हे त्याचं तोंड. गाठ इथं आहे, आणि ती पसरलीय. वर्षभर आधी आला असता तर..." दिवाळीनंतर शेवंता गेली.

सून स्नेहल त्याच सुमारास नर्सिंगच्या परीक्षेला बसायचं म्हणत होती. माजघराच्या भिंतीवर तिनं माणसाच्या शरीराचा तक्ता लावला आणि ती मोठ्यानं पाठ करायची. यकृत, प्लीहा, स्वादुपिंड, मूत्राशय. कृष्णात उंबऱ्याबाहेर बसून ऐकायचा. एका संध्याकाळी आत येऊन म्हणाला, "स्नेहल, मलाबी शिकीव."

"काय, मामा?"

"ह्येच. कुठं काय असतंय त्ये."

तिचा चेहरा लाल झाला. सासऱ्याला कसलं शिकवायचं हे? पण त्याचे डोळे बघून तिनं पट्टी हातात घेतली. ती पट्टीनं दाखवायची, तो मागून म्हणायचा. दोघंही तक्त्याकडं बघत, एकमेकांकडं नाही. तो सारखा घोटाळायचा, गर्भाशयाला मूत्राशय म्हणायचा. आजवर त्याच्या हिशेबी पोटात एकच खोली होती. भाकरी तिथंच जायची, पोरंही तिथंच वाढायची.

"आनि अंगावरनं जातंय त्ये कुठनं?" एकदा त्यानं विचारलं. स्नेहलनं पट्टी ठेवून सांगितलं, "इथनं, मामा." तो बराच वेळ त्या जागेकडं बघत राहिला. तळहाताएवढीसुद्धा नव्हती.

उन्हाळ्यात त्याची धाकटी बहीण तानाबाई राहायला आली. भांडी घासताना कमरेवर हात ठेवून उठली. कृष्णातनं पाहिलं आणि तो सरळ बोलला, "ताने, गर्भाशयाचं दुखनं न्हवं ह्ये? अंगावरनं जातंय काय?"

"दादा! लाज हाय का न्हाय तुला?" हातातलं ताट तिनं आपटलं आणि ती आत गेली. पण स्नेहल तिच्या मागोमाग गेली. अर्ध्या तासानं बाहेर येऊन म्हणाली, "मामा, जातंय म्हणत्यात. तीन महिने झालं."

दुसऱ्याच दिवशी तिघं कोल्हापूरला गेली. गाठ साधी निघाली. गर्भपिशवी काढावी लागली, पण तानाबाई पंधरा दिवसांत हिंडूफिरू लागली.

सासरी परत निघायच्या आदल्या दुपारी ती भावाजवळ येऊन बसली. बांगड्या मागंपुढं करत म्हणाली,

"दादा, वैनीनं मला सांगितलंतं. तुमी डॉक्टरकडं जायच्या आदी. मी म्हनलं, बाईच्या जातीला व्हतंयच असलं, बाप्या मानसाला काय सांगतीस."

एवढं बोलून ती रडायला लागली. कृष्णातला राग यायला हवा होता. पण गाडीवर मागं बसलेली शेवंता त्याला आठवली, आणि राग कुणावर काढायचा तेच त्याला कळेना.

"तुला तरी सांगितलं तिनं," तो म्हणाला. "मी इचारलंबी न्हाय."