रुखवत माझ्या हातचं

म्हातारीनं तांब्यात तुळशीचं पान बुडवलं आणि माझ्या नारळावर पाणी शिंपडलं. मग सुपारीच्या वाजंत्र्यांवर. मग क्रोशाच्या तोरणावर. मग काड्यांच्या, चादर विणायच्या इवल्या मागावर.

होटगी रोडवरचा हॉल. नवरदेवाकडची माणसं अजून यायची होती. मी रुखवताच्या टेबलापाशी उभी होते. मोत्यांचा एक सर लावायचा राहिला होता, तो हातात तसाच.

"कुठल्या वस्तीत केलेलं असतंय, कोण जाणे," म्हातारी म्हणाली. माझ्याकडं न बघता. मी तिच्या शेजारीच होते.

तिची सून बघत होती. तिला सगळे वकिलीणबाई म्हणायचे. रुखवताची ऑर्डर तिनंच दिलेली, थोरल्या मुलीच्या लग्नासाठी. आमची जात तिला ठाऊक होती. तिच्या ड्रायव्हरनं आमच्या चौकातला निळा झेंडा बघून ठेवला होता. सासूला ती काहीच बोलली नाही. मला म्हणाली, "तू आता मागं जा गं. पाहुणे येतील."

मागाच्या लाल दोऱ्याचा रंग सुटला होता. पांढऱ्यावर ओघळला होता. मी तो पुसायला हात पुढं केला तर म्हातारी ओरडली, "आता शिवू नको!"

मी मागं गेले. आचाऱ्याची माणसं पातेली घासत होती, तिथं जाऊन उभी राहिले. तिथून माईकवरचं सगळं ऐकू येत होतं. "हे संपूर्ण रुखवत आमच्या कन्येनं स्वतःच्या हातानं तयार केलंय." टाळ्या. लई टाळ्या.

माझी पिशवी टेबलाखाली राहिली होती. ती घ्यायला पुढं गेले, तर नवरदेवाच्या आईनं विचारलं, "या कोण?"

वकिलीणबाई हसून म्हणाली, "टेबल पुसायला आलीय."

त्या दिवशी मी चांगली साडी नेसले होते. गजरा माळला होता. मला वाटलं होतं, लोक विचारतील, मी सांगेन.

जाताना वकिलीणबाईनं माझ्या हातात जेवणाचा डबा दिला. "घरी जाऊन खा हं."

आम्ही कुंभारीला राहतो, विडी कामगारांच्या घरांत. आई दारात विड्या वळत बसली होती. तिनं डबा उघडून बघितला आणि परत झाकला.

"पंगतीला न्हाय बसवलं?"

मी गजरा काढून ठेवला. तिनं डबा उचलून बाहेर कुत्र्यापुढं ओतला. मग पुन्हा विड्या वळायला बसली.

हे सगळं मी लहानपणी नादानं सुरू केलं. विडीचा दोरा, बाटल्यांची बुचं, साडीची फाटकी किनार, जे सापडेल ते. वडील चादरीच्या कारखान्यात मागावर होते. त्यांचा डबा घेऊन जायचे तेव्हा मी मागाकडं बघत राहायचे. घरी येऊन आइस्क्रीमच्या काड्यांचा माग केला. त्याला खरे दोरे ताणले. त्यावर बोटाएवढी चादर विणली, मोराची नक्षी काढून. वडलांनी तो खिशात घालून कारखान्यात नेला. संध्याकाळी आले ते हसतच. म्हणाले, "मुकादमानं डोळ्याला लावून बघितला."

तेव्हा मला कुणी काही देत नव्हतं आणि माझे हात थांबत नव्हते.

मग वडील गेले. शेजारच्या तेलुगू ताईंच्या लग्नात मी रुखवत केलं, ते बघून दुसरं आलं, तिसरं आलं. नादाचा धंदा झाला. मधल्या मारुतीच्या देवळाजवळच्या दुकानातून मोती आणायचे, डाळीचा गणपती करायचा, नारळ मढवायचा. पुन्हा डाळीचा गणपती. पुन्हा नारळ. कुणाला जांभळा पाहिजे, कुणाला शेजारणीसारखाच पाहिजे. लग्नसराईत डिंकाचा वास आला तरी नको वाटायचं. मनानं कधीच काम सोडलं होतं, हातच तेवढे चालत होते. तरी प्रत्येक रुखवतात एक माग मी माझ्यासाठी ठेवायचे. तो कुणी सांगितलेला नसायचा. त्याच्यासाठी सकाळी उठावंसं वाटायचं.

म्हातारीनं पाणी टाकलं ते त्याच्यावर.

त्यानंतर हातही थांबले. सुपारी घेतली की तांब्या दिसायचा. आलेल्या ऑर्डरी परत पाठवल्या. आईसोबत विड्या वळायला लागले. पानं कापायची, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा. वाटलं, हेच बरं. विडीवर कुणी तुळशीचं पाणी शिंपडत नाही.

एक दिवस आई म्हणाली, "लई दिस झालं की. माग कर की एखादा."

"मन लागत नाही."

"मन कशाला लागतंय?" तिनं सूप बाजूला सारलं. "त्या म्हातारीचं पाणी अजून तुज्या अंगावर हाय, ते वाळवायचं न्हाय का? तू हितं बसून कुढणार आन् ती तितं दुसऱ्या कुणाच्या कामावर शिंपडणार. तिचं काय गेलं सांग की!"

दुपारी मी काड्या काढल्या. काडी घासताना मी म्हातारीचं तोंड आठवत होते. दोरा ताणताना वकिलीणबाईचं हसणं. आवडीनं इतका सरळ दोरा माझा कधी ताणला गेला नव्हता. त्या दिवशी मला कळलं, आवड संपली तरी काम करता येतं. राग असला की भागतं.

पुढच्या लग्नसराईआधी गाडी चौकात थांबली. वकिलीणबाई स्वतः उतरून आली. धाकटीचं लग्न ठरलं होतं. थोरलीच्या सासरी रुखवताचं नाव निघालं होतं, आता तसंच पाहिजे होतं. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

मी म्हणाले, "करते. पण दोन गोष्टी. माईकवर माझं नाव घ्यायचं, आडनावासकट. आणि पाणी शिंपडायचं नाही."

"अगं, हल्ली कोण मानतंय असलं?" ती म्हणाली.

"तुमच्या घरात मानतात."

तिचं तोंड उतरलं. मग म्हणाली, "बरं, नाही शिंपडणार. शब्द देते."

आईनं आतून विचारलं, "तिच्या शब्दावर जाणार तू?"

"न्हाय," मी म्हणाले. "ती तो मोडेल, त्यासाठीच जाणार."

असं रुखवत मी कधी केलं नव्हतं. झोपाळा केला, त्यात सुपारीची नवरी बसवली. कारखान्याचा आख्खा शेड केला, ओळीनं माग, प्रत्येक मागावर वेगळ्या रंगाची चादर. तेलुगू ताई बघायला आल्या आणि एकेका मागावरनं बोट फिरवत बसल्या. लग्नाच्या सकाळी मी सगळं टमटममध्ये घातलं. रिकामी खोकी घडी करून सोबत घेतली. इसार म्हणून मिळालेली रक्कमही पाकिटात घालून घेतली.

टेबल लागलं. बायका जमल्या. नवरदेवाची आई पुढं झाली, मागांच्या शेडसमोर वाकून बघायला लागली. माईकवरचा माणूस म्हणाला, "हे सुंदर रुखवत आमच्या धाकट्या कन्येच्या हातचं..." नवरी लाजून हसली.

आणि गर्दीतून म्हातारी आली. तांब्या घेऊन.

मी वकिलीणबाईकडं बघितलं. तिनं मान वळवली.

मी टेबलाखालून खोकं काढलं. झोपाळा उचलून आत ठेवला. नारळ ठेवले. तोरण ओढून काढलं.

"अगं, काय करतेस? लोक बघतायत!" वकिलीणबाईनं माझं मनगट धरलं.

"बघू द्या." मी मनगट सोडवलं.

नवरदेवाच्या आईनं विचारलं, "काय झालं? या कोण?"

या वेळी मी कुणाला बोलू दिलं नाही. माझं नाव सांगितलं. आडनाव सांगितलं. म्हणाले, "हे सगळं मी केलंय, कुंभारीत. माझा हात लागला म्हणून या आजी पाणी शिंपडायला आल्यात. बाटलेलं लग्नात कशाला ठेवता? मी घेऊन जाते."

माईक बंद झाला. सनईवालासुद्धा थांबला.

"माजलीय ही," म्हातारी म्हणाली.

"व्हय, माजलेय."

इसाराचं पाकीट मी रिकाम्या टेबलावर ठेवलं. नवरी रडायला लागली. मला थांबावंसं वाटलं नाही. आजही वाईट वाटत नाही. माईकवरचं खोटं ऐकून ती हसली होती. टेबलावर नुसती पांढरी चादर उरली होती आणि तिच्याभोवती दोन्हीकडची माणसं उभी होती. खोकी उचलून मी पुढच्या दारानं, त्यांच्यातून वाट काढत बाहेर पडले.

त्या भागातल्या ऑर्डरी बंद झाल्या. उर्मट बाई म्हणून माझं नाव झालं. काही महिने पुन्हा विड्याच वळल्या. मग आमच्या वस्तीतल्या एका नर्सनं बोलावलं. मग मोडनिंबहून एक शिक्षिका आली, तिनं हॉलचं नाव घेऊन विचारलं, "ते टेबल रिकामं करणाऱ्या तुम्हीच का?" हो म्हटल्यावर तिनं ऑर्डर दिली. आता रुखवताच्या पुढं माझ्या नावाची पाटी असते. ती नको असेल त्यांनी दुसरीकडं जावं.

बचत गटात शिकवायला बोलावतात तेव्हा मुली विचारतात, "धंदा झाला की आवड मरते, मग हुरूप कुठून आणायचा?" बाकीच्या शिकवणाऱ्या सांगतात, मन प्रसन्न ठेवा. मी सांगते, तुम्हाला कुणी मागच्या दाराला उभं केलं होतं ते आठवा आणि कामाला बसा.

परवा वकिलीणबाईचा फोन आला. धाकटीचं डोहाळजेवण. सासरच्यांनी हट्ट धरलाय, सजावट त्या कुंभारीच्या बाईचीच पाहिजे, तो मागांचा शेड पाहिजे. बोलताना तिचा आवाज बारीक झाला होता.

मी म्हणाले, "आधी तुमच्या सासूबाईंनी माझी माफी मागायची. हितं येऊन. चौकात."

"त्यांचं आता वय झालंय गं."

"मग लवकर मागायला सांगा."

फोन ठेवला. ती म्हातारीला घेऊन येईल, मला माहीत आहे. व्याह्यांपुढं मान खाली जाऊ नये म्हणून येईल. म्हातारी गाडीतून उतरेल, चौकात सगळ्यांसमोर हात जोडेल.

त्यानंतरही मी ते काम करणार नाही. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. येऊ देत आधी.