त्या बाजूचा आवाज

नागपुरात बर्डीवरच्या आमच्या केबलच्या दुकानात ते काका रुमालात दोन तुकडे बांधून घेऊन आले, एक जुन्या केबलचा अन् एक नवीचा. बोलताना ते दोन्ही तुकडे अंगठ्याने चोळत राहायचे. त्यांच्या गच्चीवर दोन अँटेना, त्यांच्या दोन केबल खाली एकाच रेडिओत. एक केबल खराब झाली म्हणून बदलली, अन् तेव्हापासून त्यांचा इंदूरचा रेडिओमित्र ऐकूच येईना. रोज संध्याकाळी आपापल्या हॅम रेडिओवरून बोलायचे दोघं, फोन नंबर मात्र कधी घेतलाच नाही.

"लांबी तर सारखीच ठेवली मी. मग काहून?"

अरे, हा तर माझा आवडता विषय! मी सुरूच झालो. "काका, नव्या केबलमध्ये सिग्नल जोरात पळते, म्हणून तिच्यात लाट लांब होते. जुनीत हळू, तिथं लाट आखूड. खाली पोचेपर्यंत एक लाट वर असते तेव्हा दुसरी खाली. दोघी एकमेकींले खाऊन टाकतात, त्या बाजूचा आवाज गायब!"

"म्हणजे तो बोलून राहिला असंल!" काका हसले. "तब्येत बरी नव्हती गा त्याची. मले भेव वाटून राहिलं होतं."

मी दोन्हीकडे एकसारखी केबल लावायला दिली.

पुढच्या आठवड्यात ते रस्त्यावर दिसले. मी दुकानातूनच ओरडलो, "काका, लागलं का इंदूर?"

"लागलं ना बेटा. तिकडचे बाकी सगळे साफ ऐकू येतात." त्यांचा अंगठा हातातल्या रुमालावर फिरत होता. "आता केबलले दोष देता येत नाही."